एक भिंग, अनेक डोळे : कल्याणच्या फलाटापासून खारघरच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत

१/
१८९७ सालचे कल्याण स्थानक डोळ्यांसमोर आणा. मुंबईत प्लेगने थैमान मांडले आहे आणि शहर सोडून निघालेली कुटुंबे बोचकी सांभाळीत गाड्यांत बसली आहेत. कल्याण हे जंक्शन. येथून एक मार्ग पुण्याकडे जातो, दुसरा नाशिककडे. म्हणूनच प्रवाशांच्या तपासणीचे ठाणे येथे आहे. माणसांना उतरवून त्यांच्या अंगाचा ताप पाहिला जातो, काखा आणि जांघा चाचपल्या जातात. गाठ हाताला लागली की तो माणूस बाजूला काढला जातो.

२/
तपासणाऱ्या डॉक्टरजवळ होते दोन हात, दोन डोळे आणि फार तर एक तापमापक. ज्या जिवाणूपायी हा सारा बंदोबस्त मांडला होता, तो त्या फलाटावर कोणालाच दिसत नव्हता. तो पाहण्याची सोय होती पन्नासएक किलोमीटर दूर, मुंबईत. या धाग्याचा विषय नेमके हेच अंतर आहे : नमुना जेथे आहे तेथपासून, तो पाहू शकणारी नजर जेथे आहे तेथपर्यंतचे. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या पट्ट्यात हे अंतर कसकसे बदलत गेले आणि ते कोणी कमी केले, हे पाहू.

३/
प्लेग म्हटला की आपल्याला प्रथम आठवतो तो २२ जून १८९७ चा गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि चाफेकर बंधू. ते स्वाभाविक आहे. पण त्याच काळाला समांतर असा दुसरा एक इतिहास आहे, तो भिंगाचा. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि किटासाटो यांनी प्लेगचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. त्यानंतरचा प्रश्न होता, या जिवाणूवर काम करायचे कोठे आणि कोणत्या साधनांनी?

४/
ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकीन मुंबईस आले. सरकारने त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक ओसरी दिली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. दुसऱ्यांच्या इमारतीत, उसन्या जागेत ही प्रयोगशाळा थाटली गेली. तेथेच प्लेगची लस सिद्ध झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईच्या जैववैद्यकीय संशोधनातला हा मोठा अध्याय वाटून घेतलेल्या जागेत लिहिला गेला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५/
आणि कल्याणच्या फलाटावर? तेथे माणसे तपासली जात होती. पण रोग पसरवीत होती उंदरांच्या अंगावरची पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने हा संबंध दाखविला तो १८९८ मध्ये, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. कारण दिसत नसले की उपाय चुकीच्या जागी होतो, आणि त्याची झळ सामान्य माणसाला बसते. काखा चाचपून घेताना स्त्रियांना झालेली मानहानी, छावण्यांत झालेली ताटातूट, हे सारे अदृश्य कारणाचे दृश्य परिणाम होते. भिंगाचा इतिहास म्हणून केवळ यंत्रांचा राहत नाही.

६/
ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकीन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच पुढे १९२५ साली हाफकीन इन्स्टिट्यूट झाली. परळ हे नाव ध्यानात ठेवा. धागा पुन्हा तेथे येणार आहे.

तोवर प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा स्पष्ट झाली होती. जर्मन भौतिकीतज्ज्ञ अर्न्स्ट अबे यांनी १८७३ मध्येच दाखविले होते की भिंग कितीही उत्तम घासले, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत. म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. प्लेगचा जिवाणू याहून कितीतरी मोठा, म्हणून तो दिसला. बहुतेक विषाणू याहून लहान, म्हणून ते अदृश्यच राहिले.

७/
ही भिंत फुटली १९३१ मध्ये बर्लिनला. अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंगे. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी अतिशय लहान असल्याने सूक्ष्म तपशील वेगळे दिसू लागले. रुस्का यांना नोबेल मिळाले ते १९८६ मध्ये, शोधानंतर पंचावन्न वर्षांनी.

पण या यंत्राने एक नवी अडचण आणली. साधा सूक्ष्मदर्शक टेबलावर मावतो, एका माणसाचा असू शकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला स्वतंत्र खोली लागते, निर्वात पंप लागतात, उच्च दाबाची स्थिर वीज लागते, आणि ते चालविणारा कसलेला माणूस लागतो.

८/
म्हणजे पाहण्याची शक्ती वाढली आणि पाहू शकणाऱ्यांची संख्या घटली. सामायिक सुविधेची गरज येथून जन्म घेते.

भारतातला पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९४० च्या दशकात कलकत्त्यास उभा राहिला. नीरजनाथ दासगुप्ता यांनी तो स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतला. त्याखाली पाहिल्या गेलेल्या पहिल्या जैविक विषयांत काळा आजाराचा परजीवी होता. यंत्र भौतिकीच्या संस्थेत आणि प्रश्न वैद्यकाचा, ही जोडी तेथपासूनची आहे.

९/
आता परळला परतू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणारा कर्करोग, विडी-तंबाखूशी जडलेले तोंडाचे कर्करोग, कुष्ठरोगात मज्जातंतूंची होणारी हानी, अशा येथील माणसांच्या दुखण्यांचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. परदेशी पाठ्यपुस्तकांत ज्याची उत्तरे नव्हती, ते प्रश्न त्यांनी घेतले. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले.

१०/
याच केंद्रात डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा जन्म १९२५ चा, कराचीचा. भारतातील जैववैद्यकीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. शालेय पुस्तकांत त्यांचे नाव सहसा आढळत नाही. त्याचे एक कारण असे असावे की आपण इतिहासात शोध मोजतो, शोध शक्य करणाऱ्या खोल्या मोजत नाही. सिरसाट यांनी अशी एक खोली घडविली.

११/
त्या खोलीत काय चालत असेल, हे समजून घेतले तर कामाचा आवाका कळतो. ऊतीचा कण शरीरातून काढल्यावर काही मिनिटांत रसायनात स्थिर करावा लागतो, नाहीतर पेशी कुजू लागते. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइडसारखे जड धातूचे संयुग. त्याशिवाय इलेक्ट्रॉनांच्या झोतात काही उठून दिसत नाही. मग पाणी काढून टाकणे, रेझिनमध्ये बसविणे, ते भट्टीत घट्ट करणे. शेवटी अल्ट्रामायक्रोटोम नावाच्या यंत्रावर काचेच्या वा हिऱ्याच्या सुरीने काप काढणे. कापाची जाडी ६० ते ९० नॅनोमीटर. एका केसाच्या जाडीत असे सुमारे हजार काप बसतील.

१२/
हे काप पाण्यावर तरंगतात आणि तेथून तांब्याच्या बारीक जाळीवर उचलले जातात. हात किंचित थरथरला की दिवसांची मेहनत वाया जाते. पावसाळ्यात हवेतली ओल, उन्हाळ्यात विजेचे चढउतार, निर्वात नळीतली बारीकशी गळती, यांपैकी काहीही यंत्र बंद पाडू शकते.

म्हणून अशा खोलीचा खरा कणा तेथील तंत्रज्ञ असतो. कोणता नमुना कसा फसेल, कोणती सुरी कधी बदलावी, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात उतरते. गवयाच्या घराण्यासारखेच ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. संशोधनपत्रिकेत त्या हातांचे नाव बहुधा आभाराच्या एका ओळीत येते. पुष्कळदा तेवढेही नाही.

१३/
या पाहण्यातून काय साधले? एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे. तोंडातील अस्तराखालची ऊती कडक होत जाते, गाल आणि टाळू ताठरतात, आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५० च्या दशकात मुंबईच्या वैद्यांनी याची नोंद घेतली आणि सिरसाट व खानोलकर यांनी त्याच्या सूक्ष्म रचनेवर व कारणांवर काम केले. आज या विकाराचा सुपारीशी असलेला संबंध पक्का झाला आहे, आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो हेही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तिच्यामागे अशा अनेक दशकांच्या निरीक्षणांचे बळ होते. पानटपरीवरची पुडी आणि परळची अंधारी खोली यांच्यामधला धागा तो हा.

१४/
त्याच छताखाली दुसरी एक खोली होती. डॉ. कमल रणदिवे, मूळच्या पुण्याच्या, यांनी तेथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा स्थापिली. भारतातली अशा प्रकारची पहिली. एका खोलीत पेशी वाढवाव्या आणि दुसऱ्या खोलीत त्या पाहाव्या. संस्था म्हणजे अशा खोल्यांमधले चालते-बोलते नाते.

रणदिवे पुढे १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या संस्थापकांत होत्या. त्या संघाचे मुख्यालय ठाणे जिल्ह्यातल्या वाशीला आहे. १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय आणि हे संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले आणि संशोधन विभाग कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जाऊ लागला.

१५/
येथवरच्या कथेत एक पोकळी आहे. यंत्र परळला आहे आणि परळच्या माणसांना ते मिळते. पण नमुना ठाण्याच्या वा कल्याणच्या महाविद्यालयातला असेल तर? तेथला प्राध्यापक काय करील? ओळख काढील, चिठ्ठी नेईल, विनंती करील. मोठ्या मनाचा प्रमुख असेल तर काम होईल. ही पद्धत माणुसकीची असली तरी हक्काची नव्हे. ओळख नसलेल्याचा नमुना न पाहिलेलाच राहतो, आणि तो पाहायचा राहून गेला याची नोंदही कोठे होत नाही.

१६/
इतिहासाच्या वाचकांना ही अडचण अनोळखी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत होते, तेव्हा दप्तरे देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यांवर आणि मंदिरांच्या कोठ्यांत होती. ज्याची ओळख त्याला दप्तर दिसे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यामागची एक मोठी प्रेरणा हीच की कागद एके ठिकाणी, सर्वांच्या अभ्यासासाठी असावेत. पुढे १९३० च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि सरकारी कुलपाआडचे साधन अभ्यासकांच्या हाती आले. घराघरांतले दप्तर सामायिक झाले तेव्हा मराठ्यांचा इतिहास बदलला. विज्ञानातले यंत्रही तसेच एक दप्तर आहे.

१७/
विज्ञानात हे वळण १९७० च्या दशकाच्या मध्यावर आले. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक अद्ययावत उपकरण केंद्रांची योजना आखली. कल्पना साधी होती. प्रत्येक विद्यापीठाला महागडे यंत्र देता येणार नाही. तेव्हा काही मोजक्या ठिकाणी ती ठेवावी, तेथे ती चालविणारी माणसे नेमावी, आणि कोणत्याही संस्थेच्या संशोधकाला ठरावीक शुल्क भरून ती वापरता यावी. यांपैकी एक केंद्र पवईच्या आयआयटीत स्थापन झाले. आज ते आद्याक्षरांनी सैफ या नावाने ओळखले जाते.

१८/
वरवर पाहता ही कारकुनी व्यवस्था वाटते : अर्ज, शुल्काचा तक्ता, क्रमांक, पावती. पण चिठ्ठीच्या जागी अर्ज आला, हा मोठा पालट होता. अर्जाला ओळख लागत नाही. शिक्षणसंस्थांना कमी दर, उद्योगांना जास्त दर, अशी श्रेणी ठरली. रांग आली, आणि रांगेत उभा राहिलेला प्रत्येकजण रांगेपुरता तरी समान असतो. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

१९/
आता भूगोल पाहा. पवईला जायचे तर मध्य रेल्वेवर कांजूरमार्गला उतरावे. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर, ही सारी महाविद्यालये त्याच रुळांच्या कडेला आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी वर्षभरात कल्याणला पोहोचली होती. त्याच मार्गाने १८९७ मध्ये प्लेगच्या भीतीने माणसे बाहेर पडत होती. आता उलट दिशेने विद्यार्थी जाऊ लागले. पिशवीत बर्फाचा डबा, त्यात इवल्याशा कुप्या, कुप्यांत स्थिर केलेली ऊती. गर्दीच्या लोकलमध्ये डबा छातीशी धरायचा, कारण कुपी फुटली तर महिन्याचे काम गेले. नमुना आणि नजर यांच्यातले अंतर आता एका मासिक पासाइतके झाले होते.

२०/
दरम्यान प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकानेही कात टाकली. १९५७ मध्ये अमेरिकेत मार्विन मिन्स्की यांनी कॉन्फोकल पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका बारीक छिद्रातून केवळ एकाच पातळीवरचा प्रकाश येऊ द्यायचा, वरचा-खालचा धूसर प्रकाश अडवायचा, आणि बिंदूबिंदूने चित्र उभे करायचे. लेझर आणि संगणक आल्यावर १९८० च्या दशकात ही पद्धत प्रत्यक्ष वापरात रुळली.

जेलीफिशमधून मिळालेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाने यात जीव ओतला. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सियन यांना २००८ चे रसायनाचे नोबेल त्यासाठीच मिळाले. या प्रथिनामुळे जिवंत पेशीतले एखादे प्रथिन कोठून कोठे जाते, हे चालू असतानाच पाहता येऊ लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला हे साधत नव्हते. त्याखाली जाणारा नमुना मृत असावा लागे.

२१/
या नव्या नजरेचे घर आपल्या परिसराच्या आणखी जवळ आले. २००२ मध्ये परळचे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट नवी मुंबईत खारघरच्या साठ एकरांच्या आवारात गेले आणि त्याचे नाव ॲक्ट्रेक झाले. खारघर रायगड जिल्ह्यात येते, ठाणे जिल्ह्याच्या वेशीपलीकडे. २००४ मध्ये ठाणे–वाशी उपनगरी मार्ग सुरू झाला. आज ठाण्याहून पनवेलकडे जाणारी लोकल खारघरला थांबते. सिरसाट यांच्या परळच्या खोलीचा वारसा येथे सामायिक सुविधांच्या रूपाने चालू आहे : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन, कॉन्फोकल प्रतिमांकन, पेशींची गणना-वर्गवारी, लहान प्राण्यांचे प्रतिमांकन. संस्थेतल्या सर्व प्रयोगशाळा ती वापरतात. बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क भरून तेथे काम करून घेता येते.

२२/
अशा सुविधेतला दिवस नोंदवहीपासून सुरू होतो. कोणी, किती ते किती, कोणते लेझर, कोणते भिंग. काही बिघडले तर ते केव्हा लक्षात आले. आधीचा माणूस तेलाचे भिंग न पुसता गेला तर पुढच्याचे चित्र धूसर येते. म्हणून नियम : प्रशिक्षण घेतल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, वेळ राखून ठेवली की ती पाळायची, बिघाड लपवायचा नाही. गावच्या पाणवठ्याचे आणि सार्वजनिक विहिरीचे नियम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. सामायिक वस्तू टिकते ती मालकीने नव्हे, पाळीने आणि नोंदीने.

२३/
या नोंदीला आणखी एक मोल आहे. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतील २०,६२१ जैववैद्यकीय निबंधांतली चित्रे तपासली. ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद रीतीने दुबार वापरलेली चित्रे आढळली. काही चुकून, काही हेतुपुरस्सर.

इतिहासाचा अभ्यासक येथे लगेच विचारील : अस्सल कोठे आहे? आपण बखरीवर विसंबत नाही, मूळ पत्र मागतो. नक्कल असेल तर ती कोणी, कधी केली हे पाहतो. प्रतिमेचेही तसेच आहे. निबंधात छापलेले चित्र ही नक्कल. यंत्राने लिहिलेली मूळ फाइल हा अस्सल कागद. ती सुविधेच्या संगणकावर, तारीख-वेळेसह जपली असेल तर वाद मिटविता येतो. सामायिक सुविधा अशा वेळी साक्षीदार ठरते.

२४/
२०२० ने या साऱ्याची कसोटी घेतली. ३० जानेवारीला केरळात देशातला पहिला कोविड रुग्ण निश्चित झाला. त्याच्या घशातील स्रावाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासला गेला होता. ही संस्था मुळात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून निघाली. खानोलकरांच्या केंद्राचेही तेच वर्ष. तिच्या शास्त्रज्ञांनी त्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विषाणूचा कण टिपला आणि तो भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आकार सुमारे ७५ नॅनोमीटर, कडेने काटेरी प्रभा. अबे यांच्या मर्यादेच्या कितीतरी खालचा तो कण काही आठवड्यांत दिसला, कारण यंत्र आणि ते चालविणारे हात आधीपासून तयार होते. संकट आल्यावर यंत्र विकत घेता येते. कसलेला हात विकत मिळत नाही.

२५/
त्याच वर्षी जानेवारीत देशभरातली सरकारी पैशाने घेतलेली उपकरणे एका ठिकाणी शोधता यावीत, यासाठी आय-स्टेम हे संकेतस्थळ सुरू झाले. २०२२ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने उपकरणे वाटून वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांना श्रीमान असे नाव आहे. दिशा योग्य आहे.

पण यादीत नाव असणे आणि यंत्र चालू असणे यांत अंतर असते. खरेदीला अनुदान मिळवणे सोपे, दहाव्या वर्षीच्या दुरुस्तीला मिळवणे कठीण. उद्घाटनाला फीत कापली जाते. तंत्रज्ञ निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरली गेली का, हे विचारायला कोणी येत नाही. अशी एक जागा रिकामी राहिली की कोट्यवधींचे यंत्र आच्छादनाखाली झोपते आणि रांगेतला शेवटचा माणूस, म्हणजे बाहेरच्या लहान महाविद्यालयातला विद्यार्थी, प्रथम गळतो.

२६/
म्हणून या धाग्यातून दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. एक, विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाच्या तारखेबरोबर विचारावे : हे पाहिले कोणत्या खोलीत, यंत्र कोणाचे होते, काप कोणी काढले? ग्रँट मेडिकल कॉलेजची ओसरी, परळची अंधारी खोली, पवईची रांग, खारघरची नोंदवही, या चार जागा कोणत्याही युद्धभूमीइतक्याच अभ्यासाच्या आहेत. आणि त्यांची साधने, म्हणजे जुन्या नोंदवह्या, काचपट्ट्या, निगेटिव्ह, आज रद्दीत जाण्याच्या बेतात असू शकतात. राजवाड्यांनी माळे धुंडाळले. कोणीतरी आता प्रयोगशाळांची कपाटे धुंडाळावीत.

२७/
दुसरी गोष्ट तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेत आहेत त्यांच्यासाठी. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत शिकताना आपल्या महाविद्यालयात हे यंत्र नाही म्हणून प्रश्न सोडून देऊ नका. ते यंत्र सार्वजनिक पैशाने घेतलेले आहे. अर्ज कसा करायचा ते विचारा, दर पाहा, प्रशिक्षणाचे दिवस पाहा, वेळ राखून ठेवा. निबंध प्रसिद्ध झाला तर यंत्र चालविणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका.

२८/
कल्याण स्थानकावर आजही गाड्यांतून गर्दी उतरते आणि चढते. एखाद्या सकाळी त्या गर्दीत थर्माकोलचा डबा दोन्ही हातांनी धरून उभी असलेली मुलगी दिसली, तर तिला जरा जागा द्या. १८९७ मध्ये या फलाटावर जे कोणालाच दिसत नव्हते, तशाच काहीतरी अदृश्य गोष्टीकडे ती निघालेली असेल, आणि संध्याकाळपर्यंत तिला ती दिसलेली असेल.

(धागा समाप्त)